हिरव्या गाडीची सीट

अण्णा, तुमची हिरवी गाडी मी पुण्याला दिली. तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल तर माझ्याकडूनच कळू दे, आणि सांगितलं असेल तर राग धरू नका, आधी सगळं ऐकून घ्या. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की गावात नव्याने आलेली माणसं आता आपल्या वाडीला बाईंची वाडी म्हणतात. बाई म्हणजे मी, शाळेतून निवृत्त होऊनही बाईच. गाडी मात्र शेवटपर्यंत अण्णांचीच राहिली. मी चालवत असले तरी चौंढीच्या नाक्यावर लोक म्हणायचे, "अण्णांची गाडी आली." जणू आत कोण बसलंय ते त्यांना दिसतच नसे.

किहीमच्या बंगल्यातले मुंबईकर परदेशी निघाले आणि त्यांची ती विलायती स्पोर्ट्स कार तुम्ही घेतलीत, तेव्हा मी चौथीत होते. अलिबागच्या कचेरीतला कारकून, घरची नारळ-सुपारीची वाडी, आणि दारात कापडी टपाची, जमिनीला पोट टेकेल अशी बुटकी गाडी. गावाला वर्षभर पुरेल इतका हसायचा विषय मिळाला. आई म्हणाली, "घरात माणसं तीन आणि गाडीत जागा दोन. तुम्ही बापलेक व्हा पुढे, मी एसटीने येते." आणि ती खरंच एसटीने यायची, मिजाशीत, आपल्यानंतर तासाभराने. समुद्राचा खारा वारा लोखंड कसं खातो ते आपल्या विहिरीच्या रहाटावर तुम्ही रोज बघत होतात. म्हणून फेरी मारून आलात की आधी विहिरीच्या गोड्या पाण्याने तिला खालून-वरून धुवायची, मगच स्वतःचे पाय धुवायचे. कोळी लोक होडीला लावतात ते माशाचं तेल तुम्ही दरवर्षी तिच्या पोटाला चोपडायचात. आई नाक दाबून विचारायची, "बोंबील वाळत घातलेत का आत?" तुम्ही म्हणायचात, "वासाने कुणी मरत नाही, गंजाने मरतं. आणि उभी राहिली की गाडी मरते." म्हणून रविवारी सकाळी फेरी, कधी थळपर्यंत, कधी थेट रेवदंड्यापर्यंत. तुम्ही उंच, तुमची सीट अगदी मागे, शेवटच्या खाचेत. मी शेजारी, पाय अधांतरी.

आणि ते गाऱ्हाणं. पाऊस सरला की उंडीच्या झाडाखालच्या शेंदूर लावलेल्या दगडापुढे, आपल्या वाडीच्या राखणदारापुढे, तुम्ही नारळ ठेवता. मी आणि आई मागे उभ्या. तुम्ही हात जोडून म्हणता, "हे माड तुझे, ह्या पोफळी तुझ्या, ही उंडी तुझी." गाडी आली त्या वर्षापासून त्यात भर पडते, "आणि ही हिरवी, हीसुद्धा तुझी. सांभाळ." आम्ही दोघी म्हणतो, "व्हय." गाडीला झाडांत मोजणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. वादळात माड पडला की तुम्ही आठवड्याच्या आत नवं रोप लावायचात आणि त्याला सांगायचात, "तो गेला, त्याच्या जागी हा घे." जागा रिकामी ठेवायची नाही, हा तुमचा नियम. दुसरा नियम मोघम न बोलण्याचा. एकदा मी पोरकटपणे म्हटलं होतं, "राखणदारा, मला पास कर, मी तुला काहीतरी देईन." तुम्ही माझं मनगट धरलंत. तेवढ्या जोराने तुम्ही मला कधीच धरलं नव्हतं. "काहीतरी म्हणू नये. काय देणार ते नाव घेऊन सांगावं. मोघम बोललं की तो त्याच्या मनाने घेतो."

तुम्ही गेलात, पाठोपाठ आई गेली, आणि रविवारची फेरी माझ्याकडे आली. मी बुटकी, आईवर गेलेली. क्लचला पाय पोचावा म्हणून सीट पार पुढे ओढून घ्यायचे. पुढच्या रविवारी शेडचं कुलूप उघडून बघावं तर सीट मागे, शेवटच्या खाचेत. पहिल्यांदा वाटलं, मीच ढकलली असेल. दुसऱ्यांदा वाटलं, खटका झिजलाय. चौंढीच्या मेकॅनिकने नवी स्प्रिंग घातली, स्वतः बसून धक्के देऊन पाहिले आणि म्हणाला, "आता न्हाय हलायची." पुढच्या रविवारी मागे. मी घाबरले, खोटं कशाला सांगू. त्या रविवारी मी गाडी काढलीच नाही. त्याच्या पुढच्या रविवारी दार उघडलं आणि म्हटलं, "अण्णा, सरका जरा." सीट इतक्या हलक्या हाताने पुढे आली की माझी भीती तिथेच गेली. तेव्हापासून दर रविवारी मी तेच म्हणायचे. बाहेरून कुणी ऐकलं असतं तर बाईंचं डोकं फिरलं म्हणाले असते.

पण गुडघे काही कुणाचं ऐकत नाहीत. क्लच दाबताना जीव जायला लागला, फेऱ्या चुकायला लागल्या, आणि एका पावसाळ्यानंतर दाराच्या खालच्या कडेला बोटभर तांबडा फोड दिसला. मी त्या दिवशी जेवले नाही. माझ्यामागे तिला कोण? पुण्याचे एक डॉक्टर तेव्हा गाडीचं ऐकून आले. जुन्या गाड्या सांभाळणारा सज्जन माणूस. गाडीखाली पाठीवर आडवे झाले आणि तिथूनच म्हणाले, "ताई, साठ वर्षांची गाडी, समुद्राकाठची, आणि तळाला गंज नाही? आणि हा वास कसला?" मी तेलाचं सांगितलं. ते बाहेर येऊन हात पुसत बसले. म्हणाले, "अशा गाडीचं मोल वाढतच जातं, पण ती जगली तर. इथे अजून चार-पाच पावसाळे. माझ्याकडे कोरडी राहील, दर रविवारी फिरेल. मी तिचा एक स्क्रूही बदलणार नाही." रविवारचं त्यांनी आपणहून म्हटलं. मी हो म्हणून बसले. रात्रभर एकच विचार, गाडी वाचेल, पण गाडीबरोबर तुम्हीही जाल. मग या वाडीत माझं कोण उरणार?

न्यायच्या दिवशी ट्रक मोठ्या रस्त्यावर थांबला, आपली गल्ली अरुंद म्हणून. डॉक्टरांनी गाडी चालू केली, छान घुमली, माडांमधून सरळ आली आणि फाटकात बंद पडली. मागे घेतली की चालू, पुढे आणली की त्याच जागी बंद. पेट्रोल पाहिलं, प्लग पाहिले. शेवटी नारळ उतरवायला आलेल्या गड्याला हाक मारली. तो आणि डॉक्टर, दोघांनी खांदा लावला, चाकं जमिनीत रुतल्यासारखी. गड्याने हात झटकले आणि उंडीकडे न बघता म्हणाला, "ताय, हिला न्हाय जायाचं." तेव्हा मला आठवलं. तुम्ही तिला झाडांत मोजली होती, आणि मी न विचारता तिला उपटून नेत होते.

"दोन मिनिटं," मी डॉक्टरांना म्हटलं आणि नारळ घेऊन उंडीखाली गेले. हात जोडले. शब्द सगळे तुमचेच यायला लागले. "ही हिरवी तुझी होती. तिला सोड, ती वाचू दे." आणि मग, अण्णा, मला राहवेना. "अण्णांना मात्र इथेच ठेव. त्यांच्या जागी कोण जायचं ते तू बघ." बोलून गेले आणि मनगट एकदम दुखलं, तुम्ही धरलं होतं तिथेच. मागे व्हय म्हणायला कुणी नव्हतं. गाऱ्हाणं अर्धं राहू नये म्हणून मीच म्हटलं, व्हय. फाटकात गाडी चालू झाली. डॉक्टर तेव्हा तिच्यात बसलेले नव्हते. ते फाटकापाशी उभे राहून गड्याशी बोलत होते. चावी चालूच राहिली असेल, असं ते नंतर म्हणाले.

गाडी गेल्यापासून वाडी शांत आहे. शेड उघडलं की अजून माशाच्या तेलाचा वास येतो, आणि तुम्ही आहात असं वाटतं, म्हणजे माझं मागणं त्याने ऐकलं. परवा डॉक्टरांचा फोन आला. गाडी उत्तम आहे, दर रविवारी ते तिला मुळशीच्या बाजूला नेतात. मग त्यांनी विचारलं, "ताई, सीटला काही दुखणं होतं का? मी उंच आहे, सीट मागे ठेवतो. पण दर रविवारी बघावं तर ती पार पुढे आलेली असते. एवढ्या पुढे कोण बसायचं?" मी म्हटलं, "खटका जुना आहे. फार ओढू नका, तिला हळू सांगा." ते हसले. मी फोन ठेवला आणि पायरीवर बसले.

रविवारी सकाळी चहा घेऊन मी ओटीवर बसते, आणि मग एकदम उन्हं पायरीवर आलेली असतात आणि चहा गार झालेला असतो. वय झालं, असं मी शेजारणीला सांगते. पण मला एक तलाव आठवतो, डोंगरांच्या मध्ये, त्याच्या कडेने वळत जाणारा रस्ता, आणि तोंडावर येणारा गार वारा, ज्याला मिठाचा वास नाही. मुळशीला मी जन्मात गेलेली नाही, अण्णा. आयुष्यभर या वाडीतून अलिबागच्या शाळेत आणि शाळेतून वाडीत.

हे पत्र उंडीखाली ठेवायचं ठरवलं होतं. आता ठेवणार नाही, माझ्या कपड्यांच्या पेटीत टाकते. तुम्ही वाचलंत तर तुम्ही लगेच राखणदारापुढे उभे राहाल, नाव घेऊन नीट बोलाल आणि मला परत मागून घ्याल. आणि त्या रस्त्यावर, अण्णा, माझे गुडघे दुखत नाहीत.