बंगलोरचे दोन दिवस

पुणे, ८ जानेवारी १९९९

ती. साधनाताईस, आभाचा सा. न.

तू लग्नाला येणार नाहीस हे आईने सांगितलं तेव्हा दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. तुमच्या त्या जबल अलीच्या ऑफिसचं ऑडिट नेमकं माझ्याच मुहूर्तावर यायचं होतं का गं?

पण आता नाही म्हणू नकोस. मिहिका, उर्मिला आणि मी लग्नाआधी बंगलोरला चाललोय, फेब्रुवारीच्या पहिल्याच वीकेंडला. फक्त मुली. एम. जी. रोडवर भटकायचं, पबमध्ये जायचं (आईला पत्ता लागता कामा नये) आणि रात्रभर गप्पा. तू दुबईहून परस्पर तिथेच ये. हॉटेलचा पत्ता मागे लिहिलाय. लग्नानंतर तुझ्या पांघरुणात घुसून बडबडायला मला कधी मिळणार?

वाट बघणारी, तुझीच लाडोबा
आभा

करामा, दुबई, २३ जानेवारी १९९९

चि. आभास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि एकटीच हसत बसले. येतेय. रजा मागायचीही गरज नाही, वीकेंडच तर आहे. ऑफिस सुटलं की थेट एअरपोर्ट, मुंबईला विमान बदलायचं, आणि सुट्टी संपायच्या आत परत. रूममेट हलिमा विचारते, तू आठवडाभर गात का आहेस. तिला म्हटलं, आठ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशी रात्रभर बोलणार आहे.

पबचं आईला सांगत नाही, पण घोरलीस तर मात्र सांगेन. बाबांना नमस्कार.

भेटेपर्यंत लोभ सांभाळून ठेव,
ताई

पुणे, ८ फेब्रुवारी १९९९

ती. ताईस, सा. न.

गुरुवारी आईला फोन करून तू म्हणालीस की रजा मिळाली नाही, येत नाहीस. रजा लागणारच नव्हती ना? शुक्रवारी रात्री बसमध्ये मी तुझ्यावर रागावून रडले.

शनिवारी सकाळी हॉटेलात पोचलो, तर काउंटरवरच्या माणसाने एक बॅग पुढे केली. तुमची बहीण काल संध्याकाळी गेली, म्हणाला. आत खजूर, अत्तर, तीन नेलपॉलिश आणि बंगलोर सिल्कची मोरपंखी साडी. ताई, तू तिथे होतीस? मग खोटं का बोललीस? मला पबमध्ये एक घोट गेला नाही.

आईला बॅगेचं सांगितलेलं नाही. रागावलेली असले तरी तुझीच,
आभा

करामा, दुबई, १७ फेब्रुवारी १९९९

चि. आभास, अनेक आशीर्वाद.

अगं, गूढ काही नाही. आमचा वीकेंड गुरुवार-शुक्रवार असतो. शनिवारी ऑफिस. आठ वर्षं हेच चाललंय, त्यामुळे तू लिहिलंस आणि मी बुधवारी निघालेसुद्धा. गुरुवारी सकाळी हॉटेलचा माणूस म्हणाला, बुकिंग शनिवारचं आहे, तर मी त्याच्याशीच भांडले. तेवढ्यात बाहेर बघितलं, शाळेची पोरं दप्तरं घेऊन चाललेली. खलास. मग डोक्यात प्रकाश पडला.

थांबणं शक्य नव्हतं, शनिवारी ऑडिटर यायचे होते. तुला कळवलं असतं तर तू मुलींना टाकून धावत आली असतीस. आणि खरं सांगते, आई फोनवर आली आणि मला लाज वाटली. आपल्या घरात सुट्टी रविवारी असते हेच मी विसरले, हे तिला कसं सांगू? तोंडातून रजेचंच निघालं.

दोन दिवस एम. जी. रोडवर एकटी हिंडले. मुली घोळक्याने हसत जाताना दिसल्या की उगाच त्यांच्या मागे चालायची. साडीच्या दुकानात बाईंनी विचारलं कोणासाठी, तर तुझ्याबद्दल इतकी बोलत सुटले की त्यांची बाकीची गिऱ्हाइकं ताटकळली. बॅग मात्र परत आणवेना.

हे पत्र पोचेल तेव्हा तू सासरी असशील. लग्न रविवारी, म्हणजे तुम्ही सगळे सुट्टीवर. मी ऑफिसात असेन, आणि तुझ्यावर अक्षता पडताहेत हे त्या मजल्यावर कोणालाही माहीत नसेल. मला फार एकटं वाटतंय गं.

आईला रजेचंच माहीत राहू दे. आणि पुन्हा कधी बोलावलंस तर तारीख लिही, बाळा. तुमचे वार माझ्या लक्षात राहिलेले नाहीत.

जावईबापूंना आशीर्वाद. नव्या घरातही माझ्या वाटणीचा लोभ असू दे,
तुझी ताई