येथे थुंकू नये

दि. ४ मार्च

ती. काकांस,
टिटवीचा सा. न. वि. वि.

तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा तुमच्या दुकानात नेमकं गिऱ्हाईक आलं. पाट्या रंगवण्याच्या धंद्याला इतकी बरकत आलेली ऐकून बरं वाटलं. पत्राला मात्र गिऱ्हाईक आल्याचं सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

बाबांच्या उजव्या मूत्रपिंडातली गाठ काढली. कॅन्सरचीच होती. डावीकडची गाठ पुढच्या महिन्यात काढतील. ते आता वॉर्डात फेऱ्या मारतात आणि भिंतीवरच्या पाट्यांना नावं ठेवतात. क्ष-किरणातल्या क्षचं पोट सुटलंय, म्हणाले.

पन्नाशीच्या आत एकदम दोन्हीकडे गाठी आल्या, तेव्हा डॉक्टरांना शंका आली की हे घराण्यातून आलं असेल. बाबांची जनुकांची तपासणी केली. एका जनुकात बिघाड निघाला. तो आई किंवा वडिलांकडून येतो, म्हणजे सख्ख्या भावाला असण्याची शक्यता निम्मी. आधी कळलं तर दर वर्षी तपासता येतं, गाठ लहान असतानाच सापडते. यात भीतीचं काही नाही, न कळण्यातच आहे.

दवाखान्यातल्या समुपदेशक बाई घराण्याचा नकाशा काढतायत, पुरुषाला चौकोन आणि बाईला गोल, आणि आत कोण कशाने गेलं ते लिहायचं. सोबत एक नळी आणि फॉर्म आहे. अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही, तंबाखूची चिमूटही नाही. मग आतल्या रेघेपर्यंत थुंकायचं, झाकण लावायचं आणि माझ्याकडे पाठवायचं. लहान मुलंसुद्धा हे करतात.

काकूला आणि धाकटीला आठवण सांगा. रागवा हवं तर, पण थुंका.

आपली
टिटवी

दि. १२ मार्च

चि. टिटवी हिस काकाचे अनेक आशीर्वाद.

तू घरातली पहिली पदवीधर. मी सगळ्या गल्लीला सांगितलं होतं, आता चूक कळली. पदवी मिळून वर्ष झालं नाही आणि तू अख्खं घर आजारी पाडायला निघालीस.

मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. तिसऱ्या मजल्याच्या उंचीला शिडीवर उभा राहतो, एका हातात डबा, दुसऱ्यात ब्रश, आणि माझी रेघ हलत नाही. माझ्यात बिघाड म्हणे! दादाचं सांगू नकोस. ब्रशची टोकं ओठांनी जुळवायची त्याची खोड, जन्मभर रंग पोटात गेला. त्याला जनुकं काय करणार?

आणि मागतेस काय, तर थुंकी! तीस वर्षं मी ‘येथे थुंकू नये’ लिहून पोट भरलं. दवाखाने, कचेऱ्या, जिने, सगळीकडे माझं अक्षर आहे. त्या माणसाला तू टपालाने नळी पाठवून थुंक म्हणतेस. लाज वाटायला हवी होती.

तुमच्या त्या सल्ला देणाऱ्या बाईंना घराण्याचा नकाशा काढायचा असेल तर खुशाल काढू दे. आमचे वडील शिडीवरून पडून गेले. त्यांच्या चौकोनात एक शिडी काढ म्हणावं.

तरी तुझ्या समाधानासाठी नळी भरून पाठवतो आहे. आता चोच मिट. दादाला म्हणावं, क्षचं पोट मी येऊन आत घेतो.

तुझा
काका

दि. ९ एप्रिल

ती. काकांस,
टिटवीचा सा. न. वि. वि.

अभिनंदन. प्रयोगशाळेच्या म्हणण्याप्रमाणे तुम्ही बाई आहात.

फॉर्मवर पत्ता माझा होता, म्हणून पत्र माझ्याकडे आलं. फॉर्मवर पुरुष लिहिलंय आणि नमुना स्त्रीचा निघालाय, तरी पुन्हा पाठवावा, असं त्यात आहे. समुपदेशक बाईंनी चष्मा पुसला आणि अगदी हळू आवाजात विचारलं की काका घरी कोणाबरोबर राहतात. आधी मला हसू फुटलं. मग इतका संताप आला की दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिले. समोर तुमचीच पाटी होती.

बँकेच्या रांगेत तुमच्या वतीने काकू उभी राहते. धाकटीच्या शाळेत काकूच जाते. तुमची दाढ ठणकते तेव्हा डॉक्टरांसमोर स्वतःचा गाल दाखवून गोळ्याही तीच आणते. हे सगळं आम्ही कौतुकाने सांगत आलो. पण थुंकीसुद्धा काकूनेच द्यायची? उद्या गाठ आली तर तीही काकूच्या पोटातून काढायची का?

आणि ती शिडी. बाबा म्हणतात, आजोबांची शिडी जेमतेम चार फुटांची होती. चार फुटांवरून पडलेला माणूस सहा महिने खंगतो? बाबा तेव्हा परगावी काम शिकत होते, घरच्यांनी सांगितलं ते त्यांनी मान्य केलं. तुम्ही तर घरीच होतात. खरं काय ते लपवलं म्हणजे घर सांभाळलं, असं आपल्याकडे सगळ्यांना वाटतं. मला ते बंद पाडायचंय. हसायचं तर हसा.

धाकटीचा तरी विचार करावा, ही विनंती.

आपली
टिटवी

दि. १५ एप्रिल

चि. टिटवीस काकूचे आशीर्वाद.

तुझं पत्र त्यांनी मला दाखवलं नाही. दुकानात फळ्यांच्या मागे सापडलं. तुझ्या काकांना वस्तू लपवतासुद्धा धड येत नाही.

हो, ती थुंकी माझी. त्यांनी नळी पुढे केली आणि सांगितलं की तूच भर, घर एक, पाणी एक, दोघांचं सारखंच येणार. सारखं येणार नाही हे मला कळत होतं. आठवीपर्यंत मीही शाळेत गेले आहे. पण त्यांनी काही पुढे केलं की माझा हात आपोआप पुढे जातो. वीस वर्षांची सवय. तेव्हा निम्मी बोलणी मला बसायला हवीत, ती तू सगळी त्यांनाच दिलीस.

आता लिहिते ते हसण्यावारी नेऊ नकोस. गेले दोन महिने ते न्हाणीघरात गेले की बादल्यांवर बादल्या ओततात. काल कडी नीट लागली नव्हती. मी लाल पाणी पाहिलं. विचारलं तर म्हणाले, लाल रंगाचं काम चालू आहे, हात धुतले. मी दुकानात जाऊन बघून आले. या महिन्यात सगळ्या पाट्या निळ्या आहेत. लाल डब्याचं झाकणसुद्धा उघडलेलं नाही.

माझं ते ऐकणार नाहीत. तुझा राग मात्र त्यांना लागतो. वाचून झालं तरी तुझं पत्र फाडलं नाही त्यांनी.

आणि एक विचारते. तू बाबांचा निकाल लिहिलास, काकांचा लिहिलास, म्हणजे माझा. तुझा कुठे आहे? तूही त्याच बापाची ना? या घरात जे कोणी लिहीत नाही, तेवढंच खरं असतं.

तब्येतीला जप.

तुझी
काकू

दि. २० एप्रिल

ती. काका आणि काकू,
दोघांना टिटवीचा सा. न. वि. वि. हे पत्र दोघांनी एकत्र वाचायचं. फळ्यांच्या मागे ठेवायचं नाही.

माझा निकाल सतरा मार्चला आला. बिघाड माझ्यातही आहे.

मी कोणाला सांगितलं नाही. बाबांची दुसरी शस्त्रक्रिया व्हायची होती, म्हटलं ती पार पडू दे. ती पार पडली, तेव्हा म्हटलं टाके सुकू दे. महिनाभर तो कागद मी पदवीच्या प्रमाणपत्राखाली ठेवला होता आणि वर तुम्हाला शिडीवरून टोमणे मारत होते. काकू, तू बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस. माझीही एक शिडी होती, फक्त कागदाची.

काल बाबांना सांगितलं. त्यांनी माझ्या हातातून कागद घेऊन वाचला. मग म्हणाले, तुला मी माझं नाकही दिलंय, त्याबद्दल तू कधी तक्रार केली नाहीस. आई खोलीबाहेर गेली. बाबांनी माझा हात धरून ठेवला. माझी सोनोग्राफी केली, सध्या काही नाही. आता दर वर्षी करायची.

काका, मी पुन्हा भांडायला लागेन, पण आज नाही. लाल पाणी दिसतं म्हणजे नळीची वाट बघायची नाही. आधी सोनोग्राफी, याच आठवड्यात. नवी नळी सोबत आहे, ती मागाहून भरा. धाकटी मोठी झाली की तिचं ती ठरवेल, पण ठरवायला तिला आपण खरं सांगितलेलं असलं पाहिजे. मला बाबांच्या नंतर तुमच्याशीच भांडता येतं. ते माणूस मला पुष्कळ वर्षं हवं आहे.

आपली
टिटवी

दि. ४ मे

चि. टिटवी हिस काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझी काकू मला हाताला धरून तपासणीला घेऊन गेली आणि दारातच थांबली. आत आलीच नाही. मी दोनदा मागे वळून पाहिलं, तर बाई खुशाल मासिक चाळत बसलेली. शेवटी पोटावर तो थंडगार चिकट लेप मलाच लावून घ्यावा लागला. तुमचा तो डॉक्टर पोरगेला आहे आणि त्याचं अक्षर कावळ्याच्या पायासारखं आहे. पण वाचता आलं. डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ आहे, अजून बाहेर पसरलेली नाही. पुढच्या मंगळवारी काढतील. आता तुला किती आनंद झाला असेल!

शिडीची गोष्ट मी रचली नाही. आईने रचली. दादा परगावी होता, मी चौदा वर्षांचा. वडिलांच्या पायजम्यांवर लाल डाग पडायचे. कोणी बघायच्या आत मी ते मागच्या अंगणात टर्पेंटाइनने घासायचो, म्हणजे वास आला की लोक समजतील, रंग सांडला. वडील शेवटचे सहा महिने कॉटवरून उठले नाहीत. शिडी भिंतीला टेकून ठेवलेली होती, तिच्यावर कोणी चढलंच नव्हतं. आईने शपथ घातली होती. पुढे शपथ घालणारी गेली आणि मी तसाच घासत राहिलो. फेब्रुवारीत न्हाणीघरात पहिल्यांदा दिसलं, तेव्हा माझा हात आधी टर्पेंटाइनच्या डब्याकडे गेला.

काल संध्याकाळी हे सगळं धाकटीला सांगितलं. तिने विचारलं, इतकंच ना? तुमची ही पिढी फार उद्धट आहे.

सोबत नळी पाठवतो आहे. या वेळी पुरुषाची आहे, काकू साक्षीला समोर उभी होती. फक्त तुझ्या त्या बाईंना विचार, रेघेच्या वर गेलं तर चालतं का. थांबता आलं नाही. तीस वर्षांचं साठलं होतं.

मंगळवारी ये. भांडायला कोणीतरी लागेल.

तुझा
काका (पुरुष)