फरशीवर उमटलेली अक्षरं

अंधेरी, मार्च १९५६

धाकूदादा,

तुला सांगितलं होतं, बाबांचं धोतर पातळ आहे, खाली गोणपाट घाल. ऐकशील तर ना! तू तसाच त्या धोतरावर फलक रंगवलास आणि 'मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे' हे सगळं लाल तेलरंगात झिरपून आपल्या फरशीवर उमटलं. आई कावली. फलकाचे बांबू खांद्यावर घेऊन मोर्चाला निघताना तू दारातून हसलास, "आल्यावर रॉकेलने पुसतो."

त्या मोर्चावर गोळीबार झाला. बाबा तुला अग्नी देऊन आले. फलक कुठे गेला, कुणालाच ठाऊक नाही.

अक्षरं मात्र इथेच आहेत. आम्ही त्यांच्यावर पाय देत नाही, जेवायचे पाटही दुसरीकडे मांडतो. एकदा मी चिंधी घेऊन बसले, तर आईने माझं मनगट धरलं. "हात लावू नको गो. तो इलो काय पुसतलो." रॉकेलची बाटली तिने तिथेच कोपऱ्यात ठेवलीय.

काल शाळेतून आले तर घरभर रॉकेलचा वास. शेवटचं अक्षर गायब. आईचा चेहरा उजळला होता. "इल्लो बघ धाकू! एवढाच पुसून गेलो. उरलेला उद्या पुसतलो." तिची बोटं लाल झाली होती.

आज ती नळावर गेली तेव्हा मी तुझा रंगाचा डबा उघडला आणि ते अक्षर पुन्हा काढलं. सगळं पुसून झालं, तर तुला यायला कारणच उरणार नाही ना रे.

तुझ्या अक्षरांना रोज वळसा घालणारी,
सुगंधा