कप रिकामा होईपर्यंत

प्रिय ताई,

तुझा निरोप मिळाला. रविवारी सकाळी तू आणि भाऊजी येणार, दुपारी परत निघताना आईला बरोबर घेऊन जाणार, आणि तोवर तिची बॅग भरून तयार हवी. ताई, बॅग भरलेली नाही. का भरली नाही ते फोनवर सांगायला गेलो, तर तू मला अर्ध्या वाक्यात गाठतेस आणि उरलेलं अर्धं माझ्या घशातच राहतं. कागद मधे बोलत नाही, म्हणून लिहितोय. शनिवारपर्यंत हे तुझ्या हातात पडायला हवं. पडेल ना, असं मी पोस्टातल्या बाईंना दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, तुम्हीच का नाही घेऊन जात मग?

तुझी अट मला पाठ आहे. मी कामावर असताना आईला घरात एकटीने, काही न जाळता, स्वतःचं स्वतः करता आलं तर ती आपल्या घरी राहील, नाहीतर तुझ्याकडे. अट गैर आहे असं मी कधीच म्हटलं नाही. त्या दिवशी काय झालं ते तू शेजारच्या काकूंकडून ऐकलंस, आणि काकूंकडे ठिणगी दिली तरी त्या वणवा करून पुढे पाठवतात. पण धूर झाला होता हे खरं. आपलं ते कॉफीचं जुनं भांडं, दोन भाग फिरवून घट्ट बसवायचं आणि गॅसवर ठेवायचं, ते आईने पाणी न घालताच ठेवलं. त्याची प्लास्टिकची मूठ वितळून गॅसवर ओघळली, आतलं रबर जळलं. ते भांडं आतून इतकं काळं पडलं होतं की त्यात पाणी आहे की नाही हे मलासुद्धा वाकून बघावं लागे. आईची नजर तर काचबिंदूने कडेकडेने खाल्लीय. समोरचं दिसतं, पण नळीतून पाहिल्यासारखं. ती रस्त्यापलीकडच्या माणसाला ओळखते आणि हाताजवळचा पेला पाडते. डॉक्टर म्हणाले, गेलं ते गेलं, आता आहे ते सांभाळायचं. हे वाक्य त्यांनी आईकडे न बघता माझ्याकडे बघून म्हटलं होतं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तू म्हणालीस, गॅस बंद करा, काकू थर्मासमधून कॉफी आणून देतील, कॉफीवाचून कुणी मरत नाही. बरोबर आहे. पण ताई, आई इस्पितळाच्या धोबीखान्यातून घरी यायची ती दुपार आठव. पहाटेपासून चादरींच्या घड्या घालून तिची बोटं पांढरी पडलेली असायची. चप्पल काढली की ती आधी कॉफी करायची आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून प्यायची. आपण दोघं भुकेले, मी तर रडवेला, आणि ती म्हणायची, हा कप रिकामा होईपर्यंत मी कुणाची आई नाही. तू मला दंडाला धरून बाहेर न्यायचीस. मी दाराच्या फटीतून बघत राहायचो, कारण मला खरंच वाटायचं की एखाद्या दिवशी कप रिकामा होईल आणि ती पुन्हा आपली आई व्हायचं विसरून जाईल. बाबा गेल्यावर तिच्याकडे स्वतःचं म्हणून एवढंच उरलं होतं. ते थर्मासमधून कसं येणार?

म्हणून मी नवं मशीन घ्यायचं ठरवलं. आणि तुला माहीतच आहे, मी काही ठरवलं की त्या बिचाऱ्या गोष्टीचं काही खरं नसतं. पितळेच्या पाट्यांवर नावं कोरणाऱ्याला ही खोड लागतेच. आमच्याकडे चुकलेलं अक्षर खोडता येत नाही, अख्खी पाटी भंगारात जाते. त्यामुळे हात चालवायच्या आधीच सगळ्या चुका मनात करून घ्यायची सवय झालीय. बाजारात जितकी मशिनं आहेत तितक्या प्रकारांनी आई माझ्या डोळ्यांपुढे भाजली, ताई. एकात वाफेची नळी बाहेर आलेली, ती नकोच. एकात कॉफीच्या तयार डब्या टाकायच्या असतात, पण त्याची बटणं काचेवर नुसती उमटलेली, बोटाला काही लागतच नाही. एकात काचेचं भांडं तापलेल्या तव्यावर बसतं आणि तवा नंतर कितीतरी वेळ गरम राहतो. दुकानातली विक्रेती मुलगी आधी चांगली वागत होती. मी प्रत्येक मशीनची वायर ओट्यावरून खाली लोंबेल का हे हातानं मोजू लागलो, तेव्हा मात्र ती म्हणाली, दादा, मशीन घरी न्यायचंय की त्याला मुलगी द्यायचीय?

मग मी एक मूर्खपणा केला. तो आजवर कुणाला सांगितला नाही. मुलगी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्यावर मी डोळे घट्ट मिटले आणि मशिनं चाचपू लागलो. टाकी कुठे उघडते, जाळी कुठे बसते, बटण दाबलं की बोटाला कळतं का. एवढ्यात कुणीतरी माझं कोपर धरलं. बाईंचा आवाज होता, वयस्कर आणि फार मायाळू. असू दे हं बाळा, असू दे, मी आहे. आता डोळे उघडले तर या बाईंना काय वाटेल, या लाजेने मी ते उघडलेच नाहीत. त्यांनी मला ओढत दुकानभर फिरवलं. माझ्या पायांना काही कळायच्या आत त्या वळायच्या. मी बहिराही असल्यासारखं मोठ्याने बोलायच्या. आणि त्या मुलीला त्यांनी माझ्यादेखत विचारलं, यांना काय हवंय? मी तिथेच होतो, ताई. मला काय हवंय ते मला तोंडपाठ होतं. मुलगीही थक्क होऊन म्हणाली, आत्तापर्यंत तर दिसत होतं यांना. मी डोळे उघडले, बाईंना नमस्कार केला आणि तडक रस्त्यावर आलो. कान तापले होते. पण लाजेपेक्षा दुसरंच काहीतरी डाचत होतं. त्या बाईंनी माझं कोपर जसं धरलं, अगदी तस्संच मी आईचं धरतो. तोच जोर, तेच असू दे असू दे.

दुसऱ्या दिवशी जाऊन मशीन घेतलं. मुलगी हसली, पण बोलली नाही, भली आहे. मशीन साधं आहे. वरून रुंद तोंडाची टाकी, आत धुवायची जाळी, खाली स्टीलचं भांडं, म्हणजे फुटायची भीती नाही. एकच बटण आहे, खाली दाबलं की टक्क वाजतं. काम झालं की आपोआप बंद होतं. ज्या कपातून प्यायची त्याच कपाने पाणी मोजून घालायचं, म्हणजे उतू जायचा प्रश्न नाही. मी घरी आणल्या आणल्या बटणावर बारीक खाच कोरली, बोटाला खूण म्हणून. आई म्हणाली, एकच बटण आहे त्याला, खूण कशाला? दुसरं कुठलं दाबणार होते मी, तुझं नाक?

आठवडाभर तिला रोज शिकवलं. म्हणजे मला वाटत होतं की मी शिकवतोय. झाकण उघड, आता पाणी, हळू, आता जाळी, अगं तिकडे नाही. ती म्हणाली, तू मास्तर झाला असतास तर सगळी पोरं शाळेतून पळाली असती, तू एकटाच पळालास ते त्यातल्या त्यात बरं. पहिल्या दिवशी पूड सांडली, दुसऱ्या दिवशी भांडं नीट सरकवलं नव्हतं म्हणून ओटाभर कॉफी झाली. मी फडकं घेऊन धावलो, तर तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं. पुढे पुढे ती मशीनकडे बघेनाशीच झाली. पाणी खाली उतरताना ते गुरगुरतं, शेवटी एक उसासा टाकून गप्प होतं. त्या उसाशावर ती उठायची. चादरींच्या घड्या घालतानाही ती कुठे बघायची, आठवतंय ना?

म्हणजे अट पुरी झाली होती. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी कामावर बसलो की पाटीवरच्या अक्षरांत मला ओटा दिसायचा. ओली बोटं, वायर, पाय घसरणं. जेवायच्या सुट्टीत मी घरी पळू लागलो. सायकल कोपऱ्यावर लावायची, दाराचं लॅच किल्लीने आवाज न करता उघडायचं, आणि स्वयंपाकघराच्या दारामागे उभं राहून बघायचं. तिला कळू नये म्हणून मी श्वासही जपून घ्यायचो. ती कॉफी करायची, कुठे काही चुकायचं नाही, आणि मी उपाशीच कामावर परत जायचो. मालकांनी उशिराबद्दल एकदा टोकलं, दुसऱ्यांदा नुसतं घड्याळाकडे बघितलं. एका डॉक्टरांच्या पाटीवर मी आडनावातलं एक अक्षर गाळलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाटी भंगारात गेली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी असाच दारामागे उभा होतो. मशीनने उसासा टाकला. आईने एक कप भरला आणि मग फडताळातून दुसरा काढला. वळलीसुद्धा नाही. म्हणाली, दारामागच्या शिपायाने आत येऊन बसायला हरकत नाही, सायकलची साखळी तेल मागतेय, कोपऱ्यापासून ऐकू येते. मी बसलो. तिने मला पिऊ दिलं आणि मग सांगितलं की मालकांचा मुलगा सकाळी घरी येऊन गेला होता. दुसऱ्या गावी त्यांनी नवं दुकान काढलंय, तिकडे पाट्यांचं काम बघायला त्यांना मीच हवा होतो, आणि मी दोनदा नाही म्हटलं होतं, कारण आई. हे मी तिलाही सांगितलं नव्हतं आणि तुलाही नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, मला कमी दिसतं याची मला सवय झाली रे. तुला होत नाहीये. रोज दुपारी तू दारामागे उभा असतोस आणि मी कॉफी पीत नाही, परीक्षा देते. इतकी वर्षं दुपारचा एक कप माझा होता, तोही तू नेलास. मी म्हटलं, आई, पडलीस तर? ती म्हणाली, पडेन. तू दारामागे असलास तरी पडेन, फक्त तुला बघायला मिळेल.

ताई, हे पत्र मी आपल्या घरून लिहीत नाहीये. सोमवारपासून मी त्या दुसऱ्या गावी, नव्या दुकानाच्या माडीवरच्या खोलीत राहतोय. तुला रविवारपर्यंत सांगायचं नाही, असं आईने बजावलं होतं. म्हणाली, आधी आठवडा काढून दाखवते, मग तिला बोलू दे. पण तू दार उघडताच मला हाका मारशील, मी नाही असं कळल्यावर घाबरशील, आणि त्या घाबरण्यात तिची बॅग स्वतः भरायला घेशील. तुला मी ओळखतो, आपण एकाच मातीचे आहोत. म्हणून हे आधी लिहिलं. काकू रोज संध्याकाळी डोकावतात, डोळ्यांत औषधाचे थेंब घालून जातात आणि मला फोन करतात. मी स्वतः घरी फोन करत नाही, आईला तसं वचन दिलंय. दुपार झाली की हातातलं हत्यार खाली ठेवतो, नाहीतर पाटी बिघडते, आणि ती वेळ जाऊ देतो. मला फार भीती वाटते, ताई, खोटं सांगत नाही. एवढंच मागतो की रविवारी ती तुम्हा दोघांसाठी कॉफी करायला उठेल तेव्हा मागोमाग आत जाऊ नकोस. काही पडल्याचा आवाज आला तरी जाऊ नकोस. भाऊजींनाही जाऊ देऊ नकोस. ती कप घेऊन बाहेर येईपर्यंत तू फक्त बसून राहा. मला ते जमलं नाही, म्हणून मला घर सोडावं लागलं.

लांब आलो तरी तुझाच,
धाकटा