अप्पांनी हात सोडायला सांगितला

मंगळवार, संध्याकाळ

दृष्टी गेल्यापासून अप्पा हुबळी स्टेशनवर गेलेच नव्हते. फलाटावर वर्षानुवर्षं त्यांचा पेपरचा स्टॉल होता. नवीन बांधकाम कुठवर आलं, हे मीच त्यांना सांगायचे. आज घेऊनच गेले. जुनं काहीच हाताला लागेना, तसे ते परतायला वळले. वाटलं, उगाच आणलं.

मग काठीला फरशीवरची उंचवट्यांची पट्टी लागली.

"हे काय गं?"

"न दिसणाऱ्यांसाठी वाट केलीय."

थोडं चालून आधी कानडीत म्हणाले, "बिडु," मग मराठीत, "हात सोड."

सोडला. फलाटाच्या टोकापर्यंत एकटे जाऊन परत आले.

आता उद्या स्टेशनवर एकटंच जायचं म्हणताहेत. मी नाहीच म्हणणार होते. भीती त्यांच्यासाठी वाटली, की लेकीची गरज संपेल म्हणून?

शेवटी म्हटलं, "जा. आपल्या केशवापूरच्या बसस्टॉपपर्यंत मी येते. पुढे तुम्ही एकटे."

"तेवढं ये," म्हणाले.