मागचं टेबल

दादा,

"तू खेळ, गुण मी मोजतो," असं तू म्हणालास, तेव्हा बिलियर्ड्सची काठी माझ्याहून उंच होती. आता तू खेळाडू संघटनेचा अध्यक्ष आहेस, आणि महिलांची व्यावसायिक स्पर्धामालिका बंद करायच्या ठरावावर तुझीच सही आहे.

"बघायला येतं कोण? तुमच्या सासवा?" असं हसून म्हणालास.

खरंय, आम्हाला पंचही मिळत नाही. हरलेली थांबते आणि पुढच्या सामन्याचे गुण मोजते. उद्या आमची शेवटची फायनल, पण उपांत्य फेरीत हरलेल्या दोघी रजा संपली म्हणून परतल्या.

तेव्हाच पुढच्या टेबलावर पुरुषांचा सामना असेल आणि तू पहिल्या रांगेत. हे पत्र पाठवायचा धीर नाही, तरी मागते. जरा मागे येऊन आमचे गुण मोजशील?

तुझी ठेंगू