मरून खुर्चीवर न दिसणाऱ्या रक्ताबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
डायलिसिस विभाग,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : डायलिसिसच्या खुर्च्यांवरील रक्त पुसण्याऐवजी खुर्च्यांचा रंग बदलल्याबाबत.

संदर्भ : माझा मागील अर्ज, आणि त्याला उत्तर म्हणून आपण शिवून घेतलेली मरून आवरणे.

महोदय,

१. मी आपल्या विभागातील रुग्ण नाही, रुग्णाची थोरली बहीण आहे. धाकटीची मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे ती दिवसाआड आपल्याकडे रक्त शुद्ध करून घेण्यास येते. तिची उशी, तिचा डबा आणि तिची बडबड सांभाळण्यास मी सोबत असते.

२. माझे एक मूत्रपिंड तिला देण्याचे ठरले आहे. लहानपणी आमचे एका फणीवरूनही जुळत नव्हते, पण तपासण्यांत मात्र सगळे जुळले. शस्त्रक्रियेपूर्वी तिचे रक्त पुन्हा तपासले जाईल. त्यात यकृताचा विषाणू, म्हणजे हेपटायटिसचा, निघाला तर आधी त्याचा उपचार आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाईल. किती पुढे, हे डॉक्टर सांगत नाहीत, आणि धाकटीकडे पाहून मला विचारवत नाही.

३. मागील अर्जात मी कळवले होते की, खुर्चीच्या पांढऱ्या हातांवर आधीच्या रुग्णाच्या रक्ताचे ठिपके तसेच वाळलेले असतात. सुई काढताना एखादा थेंब उडतो, त्यात कोणाचाही दोष नाही. दोष त्यानंतर सुरू होतो. त्यानंतर एक फडके पहिल्या खुर्चीपासून निघते आणि टपाल वाटावे तसे शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचते. वाटेत ते कुठेही धुतले जात नाही. ते फिरवणाऱ्या मावशींवर माझा राग नाही, हे कृपया नोंदवावे. हा विभाग, बाहेरचा व्हरांडा आणि वरचा मजला मिळून त्यांच्याकडे बादली एकच आहे. औषधाचे पाणी मागायला त्या भांडारात जातात, तेव्हा "मागणी पाठवलीय मावशी, आली की देतो," असे सांगून त्यांना परत पाठवतात. मागणी कुठे जाऊन बसली आहे ते भांडारालाच ठाऊक.

४. त्या अर्जावर आपण तातडीने कार्यवाही केलीत. सर्व खुर्च्यांना गडद मरून आवरणे बसवण्यात आली. मुख्य परिचारिकांनी मला मुद्दाम बोलावून दाखवले. "आता बघा ताई, एक तरी डाग दिसतोय का?" मी म्हटले, "दिसत नाही, तेच तर." त्या म्हणाल्या, "मग आता तक्रार कशाची?" याचे उत्तर मला घरी भांडी घासताना सुचले, ते पुढे लिहीत आहे.

५. महोदय, डाग लपला म्हणून विषाणू लाजून निघून जात नाही. वाळलेल्या रक्तातही तो काही दिवस जिवंत राहू शकतो, आणि जिथे रक्त डोळ्यांना दिसतच नाही तिथेही असू शकतो. खुर्चीला लागलेला हातच यंत्राच्या बटणाला लागतो, तिथून हातमोज्याला आणि तिथून पुढच्या रुग्णाच्या सुईच्या जागेला. हे माझे पांडित्य नव्हे. आपल्याच विभागाच्या दारामागे एक तक्ता चिकटवलेला आहे, त्यावर हे सचित्र दिले आहे. ते दार वीट लावून कायम उघडे ठेवलेले असते, म्हणून तक्ता भिंतीकडे तोंड करून उभा आहे. शिक्षा झालेल्या मुलासारखा. एकदा वीट सरकून दार लोटले गेले, म्हणून मला तो वाचता आला. आपल्या कर्मचाऱ्यांना अद्याप तो योग आलेला नाही.

६. आमच्या शेजारच्या खुर्चीवरील बसचालकांना हेपटायटिस सी झाल्याचे नुकतेच निघाले. इथे दाखल झाले तेव्हाच्या तपासणीत तो नव्हता. तो कुठून आला याची चौकशी न करता "बाहेर कुठंतरी दाढी केली असेल," असे त्यांच्या पत्नीला सांगण्यात आले. बसचालकांची दाढी छातीपर्यंत आहे. मी तेव्हापासून शांत झोपलेले नाही.

७. आता कालचा प्रकार. काल मी घरून हातमोजे, धुतलेली फडकी आणि तक्त्यात सांगितल्याप्रमाणे ब्लीचचे पाणी नेले, आणि धाकटी बसण्यापूर्वी खुर्ची पुसू लागले. पांढऱ्या फडक्यावर तांबूस डाग उमटला. मुख्य परिचारिका धावत आल्या. "नातेवाइकांनी रुग्णालयाच्या मालमत्तेला हात लावायचा नाही!" धाकटी उशी काखेत मारून उभीच राहिली. एरवी ती "ताई, तू भांड, मी झोपते," म्हणणारी. काल मात्र म्हणाली, "सिस्टर, तुम्ही आधी बसून दाखवा. बाही वर करून." त्यांनी खुर्चीकडे पाहिले. त्या बसल्या नाहीत.

"असले नखरे पुन्हा केलेत तर तुमची पाळी दुसऱ्याला देईन," एवढे मात्र त्या म्हणाल्या. शरीरात पाणी साठलेले माणूस रुसून घरी जाऊ शकत नाही, हे त्यांना माहीत आहे. माझी ओढणी हाताखाली घालून धाकटी त्याच खुर्चीत बसली. सुई टोचताना तिने माझ्याकडे पाहिले नाही. हसलीही नाही.

८. सबब विनंती की, प्रत्येक रुग्ण उठल्यावर, पुढचा बसण्यापूर्वी, खुर्ची व यंत्र आधी पुसून मग औषधाच्या पाण्याने, दर वेळी नव्या फडक्याने स्वच्छ करावे; मावशींना हातमोजे, पुरेशी फडकी व मदतीला आणखी एक माणूस द्यावा; रांगेतील सर्वांचे रक्त पुन्हा तपासावे, आणि बसचालकांना हे कुठून लागले ते दाढीपलीकडे जाऊन शोधावे. तक्ता दारामागून काढून समोर लावावा. आणि मरून आवरणे काढून खुर्च्या पुन्हा पांढऱ्या कराव्यात. पांढरेपणाने विषाणू मरत नाही, हे मला कळते. पण दिसलेला डाग निदान कोणाला तरी खुपतो.

९. धाकटीची पुढची पाळी उद्या सकाळी आहे. वरीलप्रमाणे व्यवस्था झालेली नसल्यास मी माझी फडकी घेऊन येईन आणि खुर्ची पुसेन. पाळी काढून घ्यायची असल्यास तसा आदेश आपल्या सहीने लेखी द्यावा, तोंडी चालणार नाही. बहिणीसाठी मी माझ्या पोटातला अवयव काढून द्यायला निघाले आहे, महोदय. आपल्याकडे एक धुतलेले फडके मागते आहे.

आपली, अजूनपर्यंत नम्र,
(सही)
धाकटीची थोरली बहीण

दिनांक : दोन पाळ्यांमधला दिवस

सोबत :
१. दारामागील तक्त्याचे छायाचित्र (वीट काढून घेतलेले, वीट परत जागेवर ठेवली आहे).
२. मागील अर्जाची प्रत.
३. पाठिंब्यादाखल बसचालकांच्या पत्नीची सही. "फारच मऊ लिहिलंय हो तुम्ही," असे म्हणून त्यांनी ती केली आहे.